पाणीपट्टीची वाढ आणि तिचा हिशेब

नळाचे पाणी विकणारा एका गावात बहुधा एकच असतो. भाजी महाग वाटली तर दुसऱ्या गाळ्यावर जाता येते. नळाला तशी सोय नाही. एकाच आळीत दोन संस्थांनी दोन जलवाहिन्या टाकणे कोणालाच परवडत नाही, त्यामुळे पाणीपुरवठ्यात स्पर्धा नसते. पाण्यावाचून कोणाचेच चालत नाही, त्यामुळे दर वाढला तरी मागणी फारशी घटत नाही. पुरवठा करणारी संस्था खासगी कंपनी असो, सरकारी महामंडळ असो की ग्रामपंचायत, ग्राहक तिला बांधलेला असतो. दर पुन्हापुन्हा वाढू लागला की रहिवाशांचे प्रश्न म्हणूनच सगळीकडे सारखे असतात. वाढ कशासाठी, ती किती वेळा आणि तिचा हिशेब कोणाकडे मागायचा? रायगडच्या किनाऱ्यावर, रेवससारख्या टोकाच्या गावाकडून पाहिले की या प्रश्नांची मुळे स्पष्ट दिसतात.

खाऱ्या वेढ्यातले गोडे पाणी

रेवस हे अलिबाग तालुक्याचे उत्तर टोक. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला धरमतरची खाडी आणि खाडीपलीकडे उरण तालुक्यातील करंजा. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याशी लाँचने आणि करंजाशी तरीने जोडलेले हे जुने बंदर. शेजारचे बोडणी हे कोळ्यांचे गाव. खाडीच्या कडेने अलिबाग आणि पेण तालुक्यांत पसरलेला सखल पट्टा खारेपाट म्हणून ओळखला जातो. बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे आणि मागच्या जमिनीत भात पिकवायचे, ही इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत.

अलिबागच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही मार्च उजाडला की या पट्ट्यात हंडे रांगेला लागतात, कारण पावसाचे पाणी इथे टिकत नाही. खालचा बेसाल्टचा कठीण खडक पाणी फारसे साठवत नाही, उतार लहान आणि समुद्र जवळ असल्यामुळे बरेचसे पाणी काही तासांत खाडीला मिळते. जे थोडे जमिनीत मुरते ते खाऱ्या पाण्याच्या अंगावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. या समतोलाचा भूजलशास्त्रातला ढोबळ नियम असा: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी राहते. खडकाच्या जातीनुसार प्रत्यक्ष आकडा बदलतो, पण धडा तोच राहतो. विहिरीतून वा बोअरमधून जास्त उपसा करून वरची पातळी थोडीशी जरी उतरवली, तरी खालून खारे पाणी कित्येक पटींनी वर चढते आणि विहीर मचूळ होते. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १,००० पर्यंत चालावे, असे भारतीय मानक सांगते. समुद्राच्या पाण्यात हे प्रमाण १९,००० च्या आसपास असते. गोड्या विहिरीत समुद्राचा विसावा भाग जरी मिसळला, तरी पाणी मानकाच्या जवळपास टोकाला पोहोचते.

गावाचा स्वतःचा स्रोत असा नाजूक असल्यामुळे पाणी लांबून आणावे लागते, आणि लांबून पाणी आणणारा जो दर सांगेल तो मान्य करावा लागतो. अलिबाग शहर आणि थळचा आरसीएफचा खत कारखाना महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या म्हणजे एमआयडीसीच्या पाण्यावर चालतात. हे पाणी नागोठण्याजवळ आंबा नदीतून उचलले जाते. खारेपाटातील अनेक गावेही एमआयडीसीच्या वाहिन्यांवर अवलंबून आहेत. तालुक्याच्या दक्षिण भागात जिल्हा परिषदेची उमटे धरणावरची प्रादेशिक योजना आहे. शेजारच्या पेण तालुक्यात हेटवणे धरणाचे पाणी मोठ्या वाहिन्यांनी नवी मुंबईकडे जाते आणि त्याच तालुक्यातील वाशी खारेपाटाला वर्षानुवर्षे पाण्यासाठी आंदोलने करावी लागली.

अशा व्यवस्थेत दर एका ठिकाणी ठरत नाही. नदीतून पाणी उचलण्याचा मोबदला जलसंपदा खाते घेते, महामंडळ ते शुद्ध करून वाहून आणते व आपला दर लावते, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत ते घाऊक विकत घेऊन घरोघर वाटते आणि शेवटी पाणीपट्टीची पावती घरमालकाच्या हाती येते. वरच्या कोणत्याही पायरीवर दर वाढला की तो खाली उतरतो. वाहिनीच्या टोकाला असलेल्या गावाला दाब सर्वांत कमी मिळतो, वाढ मात्र पूर्ण मिळते.

दरात काय काय असते

पाणी निसर्गाचे आणि फुकट, मग पट्टी कसली, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. पट्टी द्यायची असते ती पाणी उचलणे, शुद्ध करणे, वाहून आणणे आणि साठवणे या कामांसाठी. त्यातला मोठा वाटा विजेचा. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला शास्त्रीय हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. पंपाची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर खर्च ०.४५ युनिटपर्यंत जातो. वाहिनीतील घर्षणामुळे लांबच्या गावाला हा आकडा आणखी वाढतो, आणि वीज महागली की पाणी आपोआप महागते.

याखेरीज तुरटी आणि क्लोरीन, पंपचालक व व्हॉल्व्हमनचे पगार, वाहिनी फुटल्यावरची दुरुस्ती, जळालेल्या मोटरचे रिवाइंडिंग, कर्जाचे व्याज आणि जुनी वाहिनी बदलण्यासाठी बाजूला ठेवायचा घसारा असे खर्च असतात. पुरवठादार खासगी असेल तर त्यात भांडवलावरचा नफा मिळतो. खाऱ्या हवेच्या किनाऱ्यावर लोखंडी वाहिन्या, झडपा आणि विजेची पेटी लवकर गंजते, त्यामुळे देखभाल घाटमाथ्यापेक्षा महाग पडते.

या खर्चाचा बराचसा भाग स्थिर असतो. गावाने पाणी कमी वापरले म्हणून कर्जाचा हप्ता किंवा पंपचालकाचा पगार कमी होत नाही. त्यामुळे काटकसर करणाऱ्या गावालाही दरवाढीला तोंड द्यावे लागते, आणि लोकांना ते अन्यायाचे वाटते. या भावनेला उत्तर द्यायचे तर स्थिर आकार आणि वापरानुसारचा आकार बिलात वेगवेगळे दाखवायला हवेत. बहुतेक पावत्यांवर एकच रक्कम छापलेली असते.

गळती आणि थकबाकी

दरवाढीचे आणखी एक कारण पावतीवर कधीच दिसत नाही. योजनेतून उचललेल्या पाण्यापैकी ज्याचे पैसे वसूल होतात ते महसुली पाणी. बाकीचे गळती, चोरटे जोड, बंद पडलेले मीटर आणि फुकट सुटणारे सार्वजनिक नळ यांत जाते. समजा हजार लिटर पाणी उचलून घरापर्यंत आणायला १० रुपये खर्च येतो. शंभर लिटरपैकी साठच लिटरचे पैसे मिळत असतील, तर त्याच हजार लिटरचा दर १६ रुपये ६७ पैसे लावावा लागतो. वाढलेले ६ रुपये ६७ पैसे हा गळतीचा खर्च असून तो प्रामाणिकपणे पट्टी भरणारा उचलतो. खर्च वाढला म्हणून दर वाढवतो, असे कोणतीही संस्था सांगते तेव्हा गेल्या वर्षी गळती किती होती आणि यंदा किती आहे, हा पहिला प्रश्न असायला हवा.

थकबाकीचे गणित असेच आहे. समजा गावात ३०० नळजोड आहेत आणि योजनेचा वर्षाचा खर्च ६ लाख रुपये. सगळ्यांनी भरले तर जोडामागे २,००० रुपये येतात. दोनशेच घरे भरत असतील तर तोच खर्च भागवायला ३,००० रुपये लावावे लागतात. दर वाढला की आणखी काही घरे मागे राहतात. मग ग्रामपंचायतीकडून महामंडळाचे घाऊक बिल थकते, दाब कमी केला जातो किंवा पुरवठा तोडण्याची नोटीस येते, आणि नियमित भरणाऱ्यांच्या नळालाही पाणी येत नाही. कमी पाण्यासाठी जास्त पैसे का द्यायचे, असे म्हणत तेही हात आखडता घेतात. किनाऱ्यावरच्या अनेक गावांची योजना या चक्रात अडकते. ते तोडायचे तर आधी पुरवठा सुधारावा लागतो. नुसता दर वाढवून ते तुटत नाही.

दरवर्षीची ठरलेली वाढ

बऱ्याच वर्षांत एकदा होणारी मोठी वाढ लोकांच्या डोळ्यांत भरते आणि तिला विरोध होतो. म्हणून अनेक संस्थांनी दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढ करण्याची पद्धत स्वीकारली. नवा ठराव नको, नवी चर्चा नको. एप्रिल किंवा जून आला की दर वाढतो. टक्का लहान दिसतो, पण ती चक्रवाढ असते. आज १,००० रुपये असलेली पट्टी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली तर दहा वर्षांनी १,६२९ रुपये होते. वाढ ८ टक्के असेल तर २,१५९ रुपये, १० टक्के असेल तर २,५९४ रुपये. महागाईचा दर रिझर्व्ह बँकेच्या ४ टक्क्यांच्या लक्ष्याइतका राहिला, तर तेवढ्याच काळात इतर वस्तूंचे १,००० रुपये सुमारे १,४८० रुपये होतील. पट्टी आणि महागाई यांच्या वाढीतले अंतर भरून काढायला कुटुंबाचे उत्पन्न वाढलेले नसेल, तर पाणी दरवर्षी थोडे थोडे हाताबाहेर जाते.

बोडणी, रेवसच्या कोळी कुटुंबांना हे अधिक जाणवते. त्यांची कमाई हंगामी असते. जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागू होते, तेव्हा होड्या किनाऱ्याला लागतात आणि हातात रोख पैसा नसतो. मासळी धुण्यासाठी गोडे पाणी लागते, म्हणजे त्यांच्या धंद्याचा खर्चही पाण्याशी बांधलेला आहे. दर किती असावा याइतकेच तो केव्हा आणि किती हप्त्यांत घ्यावा, हेही अशा गावात महत्त्वाचे असते. कुटुंबाने पाण्यावर उत्पन्नाच्या तीन टक्क्यांहून अधिक खर्च करायची वेळ येऊ नये, असा मापदंड संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या मानव विकास अहवालाने मांडला होता. दर ठरवताना हा मापदंड समोर ठेवला, तर चर्चा टक्क्यांवरून माणसांवर येते.

महाराष्ट्रातील खासगी प्रयोग

महाराष्ट्रात नदी वा शहराची जलवाहिनी खासगी मालकीची झालेली नाही. जे झाले ते करार आहेत: मालमत्ता महापालिकेची, चालवणारी कंपनी. त्यातला सर्वांत मोठा करार नागपूरचा. शहराचा पाणीपुरवठा २०१२ पासून पंचवीस वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे देण्यात आला. विश्वराज आणि फ्रान्सची व्हिओलिया यांनी मिळून ही कंपनी उभी केली. शहरभर चोवीस तास पाणी देणे हे उद्दिष्ट होते. ग्राहकाकडून घ्यायचा दर महापालिकेने स्वतःच्या हाती ठेवला आणि कंपनीला मोबदला पाण्याच्या प्रत्येक आकारलेल्या युनिटमागे देण्याचे ठरले. गळती कमी करण्यात कंपनीचा फायदा व्हावा, असा त्यामागचा विचार. मात्र पाण्याच्या उपविधींत दरवर्षी ५ टक्के वाढीची तरतूद असल्यामुळे नागपूरकराची पट्टी पुरवठा सुधारला की नाही याची वाट न पाहता वाढत राहते. मीटरच्या वाढीव बिलांच्या आणि चोवीस तास पाणी न पोहोचलेल्या वस्त्यांच्या तक्रारीही पुढे आल्या.

औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, अनुभव अधिक कडवट ठरला. जायकवाडीहून समांतर जलवाहिनी टाकून शहराला पाणी देण्याची योजना खासगी भागीदारीतून करायचे ठरले आणि २०१४ मध्ये औरंगाबाद सिटी वॉटर युटिलिटी कंपनीने शहराचा पुरवठा हाती घेतला. पाणीपट्टी दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत होती, पण जिच्यासाठी ती वाढत होती ती वाहिनी पुढे सरकत नव्हती. नागरिकांचा आणि नगरसेवकांचा रोष वाढत गेला आणि २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला. करार गेला तरी चढलेला दर तसाच राहिला. काही दिवसांआड पाणी मिळणाऱ्या शहरातील घरगुती ग्राहक वर्षाला ४,०५० रुपये भरत होते. अखेर २०२२ मध्ये ही पट्टी निम्मी करून २,०२५ रुपयांवर आणली गेली. वाढ कामाच्या प्रगतीशी बांधली नाही तर काय होते, याचा हा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला आहे.

लातूरमध्येही २००८ मध्ये पुरवठ्याचे काम खासगी कंपनीला देण्यात आले. मीटर आणि दरांवरून शहरात मोठे आंदोलन झाले आणि ती व्यवस्था टिकली नाही. मुंबईत अंधेरी व परिसराचा के-पूर्व विभाग खासगी व्यवस्थापनाकडे देण्याचा विचार २००६-०७ च्या सुमारास पुढे आला होता. तो लोकांच्या विरोधामुळे बारगळला. पण खासगीकरण टळले म्हणून दरवाढ टळली नाही. मुंबई महापालिकेने २०१२ मध्ये दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढीला मुभा देणारा निर्णय घेतला. २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ लागू झाली तेव्हा नगरसेवकांची मुदत संपून प्रशासकाचा कारभार सुरू झाला होता. म्हणजे ज्यांना मते देऊन जाब विचारायचा ते सभागृहच नव्हते. पुढच्याच वर्षी प्रस्तावित वाढ स्थगित झाली. वाढ होणे आणि न होणे, दोन्ही वेळा लोकांपुढे हिशेब मांडला गेला नाही.

बाहेरच्या देशांचा अनुभव

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८९ साली पाणीपुरवठा पूर्णपणे खासगी कंपन्यांना विकण्यात आला. त्याच वेळी ऑफवॉट ही दर नियामक संस्था स्थापन झाली. ती पाच वर्षांतून एकदा प्रत्येक कंपनीचा खर्च, गुंतवणूक आणि गळती तपासून दराची कमाल मर्यादा ठरवते. ही तपासणी असूनही कंपन्यांनी कर्जे वाढवली, भागधारकांना लाभांश दिले आणि जुन्या वाहिन्यांकडे दुर्लक्ष केले, अशी टीका तिथे सतत होत आली. डिसेंबर २०२४ मध्ये ऑफवॉटने पुढील पाच वर्षांत सरासरी बिल महागाई वगळून ३६ टक्क्यांनी वाढवण्यास मंजुरी दिली, तेव्हा देशभर संताप व्यक्त झाला. नियामक असणे पुरेसे नसते, तो कडकही असावा लागतो, हे यातून दिसले.

अमेरिकेत खासगी पाणी कंपनीला दर वाढवायचा असेल तर राज्याच्या सार्वजनिक सेवा आयोगापुढे अर्ज करावा लागतो. कंपनीने खर्चाची कागदपत्रे द्यायची, ग्राहकांच्या बाजूने तज्ज्ञांनी ती तपासायची, रहिवाशांनी सुनावणीत बोलायचे आणि मग आयोगाने निकाल द्यायचा, असा क्रम असतो. कॅलिफोर्नियात मोठ्या कंपन्यांचे दर तीन वर्षांच्या चक्राने असे तपासले जातात. कंपनीने मागितलेली वाढ पूर्ण मंजूर होतेच असे नाही.

बोलिव्हियातील कोचाबांबा शहरात वेगळेच घडले. १९९९ मध्ये एका परदेशी गटाच्या कंपनीला पुरवठा देण्यात आला, २००० च्या सुरुवातीला दर एकदम चढले आणि एप्रिल २००० मध्ये रस्त्यावरच्या उठावानंतर सरकारला करार मोडावा लागला. पॅरिसने वेगळी वाट धरली. तिथले खासगी करार २००९ च्या अखेरीस संपले तेव्हा शहराने पुरवठा आपल्या हाती घेऊन ‘ओ द पारी’ या सार्वजनिक संस्थेकडे सोपवला आणि २०११ मध्ये दर ८ टक्क्यांनी कमी केला. पॅरिससारख्या श्रीमंत आणि सुसज्ज शहराचे उदाहरण सरसकट लागू होत नाही, पण पाण्याचा दर कमीही होऊ शकतो, एवढे त्याने दाखवून दिले.

महाराष्ट्रात दर ठरवतो कोण

महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा करून महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले. पाण्यासाठी असे स्वतंत्र नियामक प्राधिकरण स्थापणाऱ्या देशातल्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. धरणातून वा नदीतून उचललेल्या पाण्याचे ठोक दर हे प्राधिकरण ठरवते आणि दर तीन वर्षांनी त्यांचा आढावा घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. दर ठरवण्यापूर्वी लाभधारकांची मते जाणून घ्यावीत, असे कायदाच सांगतो. घरगुती वापराला सर्वांत कमी आणि उद्योगांना जास्त, अशी या दरांची रचना असते. पण प्राधिकरणाचा अधिकार ठोक दरापाशी थांबतो. तेच पाणी पुढे एमआयडीसी, महापालिका, खासगी चालक वा ग्रामपंचायत घरापर्यंत आणते तेव्हा लागणारा किरकोळ दर त्याच्या कक्षेबाहेर राहतो.

विजेशी तुलना केली की उणीव कळते. २००३ च्या वीज कायद्यानुसार वीज कंपनीला दरवाढ हवी असेल तर तिने राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे अर्ज करून तो प्रसिद्ध करावा लागतो. कोणताही ग्राहक त्यावर लेखी हरकत घेऊ शकतो, सुनावणीत बोलू शकतो आणि आयोगाला कारणांसह आदेश द्यावा लागतो. एका आर्थिक वर्षात दर सहसा एकापेक्षा जास्त वेळा बदलू नये, असे बंधन आहे. महाराष्ट्रात अशा सुनावण्यांमध्ये ग्राहक संघटनांनी वर्षानुवर्षे आकडे तपासून कंपन्यांना उत्तरे द्यायला लावली आहेत. रेवसचा रहिवासी आपल्या विजेच्या दरावर आयोगापुढे हरकत घेऊ शकतो. नळाच्या दरावर अशी हरकत घेण्याचे राज्यपातळीवरचे व्यासपीठ त्याला उपलब्ध नाही.

ग्रामसभेच्या हाती असलेले अधिकार

गावपातळीवर चित्र इतके रिकामे नाही. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पिण्याचे पाणी हा विषय पंचायतींच्या यादीत आणला. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ खाली सामान्य पाणीपट्टी आणि नळजोडधारकांसाठी विशेष पाणीपट्टी लावण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. तिच्या आकारणीवर पंचायत समितीकडे अपील करता येते. कोणाकडे किती मागणी आणि किती वसुली, याची नोंद कर आकारणी व मागणीच्या नोंदवह्यांत, म्हणजे नमुना ८ आणि ९ मध्ये, असते. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन आणि गांधी जयंतीला ग्रामसभा भरवण्याची रूढ पद्धत आहे. पाण्याचा हिशेब तिथे मागता येतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक घराला नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवले. पाच माणसांच्या घराला या हिशेबाने वर्षाला सुमारे शंभर घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी लागते. गावांतर्गत कामांच्या खर्चापैकी साधारण दहा टक्के वाटा गावाने उचलावा आणि योजना पूर्ण झाल्यावर ती ग्रामपंचायतीने किंवा तिच्या पाणीपुरवठा समितीने चालवावी, अशी रचना आहे. टाकी आणि वाहिनी सरकारी पैशातून उभी राहिली तरी वीजबिल, क्लोरीन आणि दुरुस्ती गावाच्या माथी येते. योजना चालवायला खासगी ठेकेदार नेमला, तर त्याच्या करारातील अटी दरावर थेट परिणाम करतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. तो देखभालीसाठी वापरला तर पट्टीवरचा भार काही प्रमाणात हलका होतो. तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारणे हा प्रत्येक मतदाराचा हक्क आहे.

दरवाढीचा ठराव समोर आला की काही गोष्टी लेखी मागाव्यात. गेल्या तीन वर्षांचे वीजबिल आणि दुरुस्तीचा खर्च, घाऊक पाण्याची बिले, उचललेले आणि आकारलेले पाणी, थकबाकीदारांची एकूण रक्कम, मिळालेली अनुदाने आणि ठेकेदाराबरोबरच्या कराराची प्रत. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि एमआयडीसी या सार्वजनिक संस्था असल्यामुळे माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली ही माहिती साधारणपणे ३० दिवसांत द्यावी लागते. कंपनी खासगी असली तरी तिच्याशी झालेला करार सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात असतो, त्यामुळे तो मागता येतो.

नियमनाबाहेरचे पाणी

नळाचा दर अखेर कोणत्या तरी ठरावात लिहिलेला असतो. टँकर आणि जारच्या पाण्याला तेवढेही बंधन नाही. समजा वीस लिटरचा जार ३० रुपयांना मिळतो, तर हजार लिटर पाण्याचे १,५०० रुपये होतात. नळाची पट्टी वर्षाला २,००० रुपये आणि पाणी एक लाख लिटर मिळत असेल, तर हजार लिटर २० रुपयांना पडते. जारचे पाणी त्याच्या पंचाहत्तर पट महाग झाले. ज्यांच्या नळाला दाब नाही किंवा ज्यांच्याकडे नळच नाही, त्यांना हा दर द्यावा लागतो. म्हणून नळाची वाढ रोखून योजना बुडू देणे हा गरिबांच्या फायद्याचा मार्ग नव्हे. योजना बंद पडली की दर ठरवतो तो टँकरवाला.

मांडवा ते अलिबाग या किनाऱ्यावर बंगले, रिसॉर्ट आणि शेतघरे वाढत आहेत. रेवस-करंजा पूल झाल्यावर मुंबईचे अंतर कमी होईल आणि पाण्याची मागणी आणखी चढेल. ज्यांच्याकडे पैसा आहे ते टँकर मागवतील किंवा खोल बोअर मारतील. बोअरच्या उपशाने किनाऱ्यावरच्या विहिरी मचूळ झाल्या, तर गावाला अधिक लांबचे आणि अधिक महाग पाणी घ्यावे लागेल. भूजलावर नियंत्रण ठेवण्यासाठी महाराष्ट्रात २००९ चा भूजल अधिनियम आहे. तो किनाऱ्यावर नेटाने राबवणे हा पाणीदर आटोक्यात ठेवण्याचाही एक उपाय आहे.

वाढ केव्हा न्याय्य ठरते

पाणीपट्टी कधीच वाढू नये, ही मागणी टिकणारी नाही. वीज, मजुरी आणि वाहिन्या महागतात, आणि पट्टी गोठवलेली योजना काही वर्षांत गंजून बंद पडते. पण वाढ न्याय्य ठरण्यासाठी चार अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. तिचा हिशेब वाढीच्या आधी प्रसिद्ध व्हावा. ती गळती आणि पुरवठ्याच्या तासांतील सुधारणेशी बांधलेली असावी, म्हणजे काम झाले नाही तर वाढ थांबेल. गरजेपुरत्या पाण्याचा पहिला टप्पा स्वस्त ठेवून चैनीच्या वापराला, पोहण्याच्या तलावाला आणि व्यापारी जोडांना चढता दर लावावा. आणि वाढीवर हरकत घेऊन कारणांसह उत्तर मिळण्याची जागा ग्राहकाला असावी. आपोआप लागू होणारी टक्केवारी यांतल्या बहुतेक अटी मोडते, मग ती कंपनीच्या करारात लिहिलेली असो की महापालिकेच्या उपविधींत.

विजेच्या दराला जशी जाहीर सुनावणी आहे, तशी नळाच्या किरकोळ दरालाही कायद्याने मिळाली पाहिजे आणि त्या सुनावणीत एमआयडीसीसारखी महामंडळे व खासगी चालक दोघांनाही बांधून घेतले पाहिजे. तो कायदा होईपर्यंत गावाकडे ग्रामसभा आणि माहितीचा अर्ज ही दोन साधने आहेत. रेवसपासून नागोठण्यापर्यंतच्या प्रत्येक गावाने पाण्याचा जमाखर्च वर्षातून एकदा तरी ग्रामसभेत वाचून घ्यावा आणि तो वाचल्याशिवाय एका पैशाच्याही वाढीला संमती देऊ नये.